वापरतात सगळेच, सांगत मात्र कोणी नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात गेल्या पंधरवड्यात लागोपाठ दोन पत्रं आली. पहिलं एका पालकांचं होतं. कॉलेजचे प्राध्यापक अजून जुन्या वहीतूनच शिकवतात, इंटरनेटवर एवढं चांगलं साहित्य फुकट मिळत असताना तिकडे ढुंकूनही बघत नाहीत, अशी त्यांची तक्रार. दुसरं एका प्राध्यापकांचं, त्याला उत्तर म्हणून. मोबाइलवरच्या व्हिडिओनं शिक्षण होत नसतं, त्याला वर्गात उभा राहणारा माणूस लागतो, असं त्यांचं म्हणणं. दोन्ही वाचली आणि लिहिल्यावाचून राहवलं नाही.

मी सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातल्या एका अनुदानित कॉलेजात ग्रंथपाल आहे. प्राध्यापक काय वाचतात, काय मागतात, कशाची प्रिंट काढतात हे ग्रंथालयाच्या काउंटरवरून जेवढं दिसतं तेवढं प्राचार्यांच्या केबिनमधूनही दिसत नाही. आणि मला जे दिसतं ते या दोन्ही पत्रांत नाही. आमचे प्राध्यापक ऑनलाइन साहित्य वापरतात. जवळजवळ सगळे वापरतात. फक्त आपण ते वापरतो हे सांगत नाहीत. वर्गात सांगत नाहीत, स्टाफरूममध्ये सांगत नाहीत, एकमेकांनाही सांगत नाहीत. या न सांगण्यामुळे पोरांचं जे नुकसान होतं, त्याबद्दल मला बोलायचं आहे.

एक प्रसंग सांगते. नाव, विषय, काही सांगणार नाही, कारण प्रश्न त्या एका सरांचा नाहीच. निवृत्तीला थोडी वर्षं राहिलेले, पोरांना जीव लावणारे सर. एक दिवस ई-पीजी पाठशाला या पदव्युत्तर अभ्यासक्रमांच्या सरकारी संकेतस्थळावरच्या एका प्रकरणाची पीडीएफ पेन ड्राइव्हवर घेऊन आले. "मॅडम, एवढी प्रिंट द्या काढून." त्या पीडीएफच्या पहिल्या पानावर तक्ता असतो: पेपर कुठला, मॉड्यूल कुठलं, समन्वयक कोण, मजकूर कोणी लिहिला, कोणी तपासला. सर म्हणाले, "ते पहिलं पान सोडून द्या." मला वाटलं कागद वाचवायचा असेल. तर म्हणाले, "तसं नाही हो. पोरांना वाटायला नको, सर नेटवरचं देतात म्हणून." आठवड्याभरात ती पानं गेटसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात पोचली आणि पोरं तिथं "सरांच्या नोट्स" म्हणून मागू लागली.

मग एक मुलगी माझ्याकडे आली. कवठेमहांकाळच्या पलीकडच्या गावातली. द्राक्षाच्या पट्ट्यातली कॉलेजं ज्यांना माहीत आहेत त्यांना सांगायला नको, की ऑक्टोबर छाटणी झाली आणि डिपिंगचे (घड संजीवकात बुडवायचे), विरळणीचे दिवस आले की आमचे वर्ग ओस पडतात. मुली-मुलं बागेत जातात, स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या. ही मुलगीही तशीच तीन-चार आठवडे तासाला नव्हती. नोट्स तिनं मैत्रिणीकडून मिळवल्या होत्या. पान पुढं करून म्हणाली, "मॅडम, इथं व्हिडिओ बघा असं इंग्रजीत लिहिलंय. पण व्हिडिओ कुठं आहे?" सरांनी पहिलं पान काढलं होतं, मधली ओळ तशीच राहून गेली होती. तिला वाटलं, सरांनी वर्गात काहीतरी दाखवलं असणार आणि ते आपलं बुडालं. मी तिला वाचनकक्षातल्या संगणकावर बसवून ती साइट उघडून दिली. तोच मजकूर, त्याच्या शेजारी व्हिडिओ, खाली स्वतःला तपासून बघायचे प्रश्न, आणि त्या पेपरची पुढची-मागची सगळी प्रकरणं. ती चारच्या एसटीपर्यंत तिथून उठली नाही.

तिला लागणारं सगळं होतं आणि फुकट होतं. तिच्या सरांना ते माहीतही होतं. फक्त कुठं आहे हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

पालकांच्या पत्रात 'चांगलं साहित्य' असं मोघम लिहिलं होतं, म्हणून थोडं नेमकं लिहिते. आयआयटी आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या प्राध्यापकांची व्याख्यानं देणारा एनपीटीईएल हा उपक्रम २००३ पासून चालू आहे. 'स्वयम्' हे केंद्र शासनाचं ऑनलाइन अभ्यासक्रमांचं व्यासपीठ जुलै २०१७ मध्ये सुरू झालं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसीच्या) २०२१ च्या विनियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय विद्यार्थ्याला तिथून करता येतात, विद्यापीठानं ते स्वीकारले तर. इग्नू या केंद्राच्या मुक्त विद्यापीठाची पदवी-पदव्युत्तर पाठ्यपुस्तकं 'ई-ज्ञानकोश'वर आहेत आणि त्यातली पुष्कळशी हिंदीतूनही आहेत. आमच्या बी.ए.च्या पोरांना इंग्रजीपेक्षा ही हिंदी कितीतरी लवकर समजते, हे मी रोज बघते. खरगपूरच्या आयआयटीनं उभी केलेली राष्ट्रीय डिजिटल लायब्ररी आहे. देशभरातले पीएच.डी.चे लाखो प्रबंध 'शोधगंगा'वर आहेत, आपल्या शिवाजी विद्यापीठाचेसुद्धा. शिवाय एन-लिस्ट. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची ही योजना अनुदानित कॉलेजांना वर्षाकाठी अगदी थोड्या शुल्कात सहा हजारांहून जास्त नियतकालिकं आणि लाखाहून जास्त पुस्तकं देते. दरवर्षी मी सगळ्या प्राध्यापकांचे लॉगिन तयार करून देते. काही जण ते नियमानं वापरतात, काही जणांना पासवर्ड विचारायला लाज वाटते, हेही मला ठाऊक आहे. म्हणून हल्ली मी न विचारताच पासवर्ड पुन्हा पाठवून देते.

तेव्हा साहित्य नाही असं नाही, आणि प्राध्यापकांना त्याचा पत्ता नाही असंही नाही. अडतं कुठं?

पहिली गोष्ट मानाची. आमच्याकडे प्राध्यापक म्हणजे ज्याला विषय 'येतो' तो. जे येतं ते त्याच्या डोक्यातून यावं, फार तर त्याच्या टाचणातून. दुसऱ्याचं दाखवलं की विद्यार्थी म्हणणार, मग तुमचं काय? ही भीती मी तरुण प्राध्यापकांतही बघितली आहे आणि तिला मी हसत नाही. ज्यांनी या माणसांना शिकवलं त्यांनीही त्यांना हेच दाखवलं होतं. गंमत म्हणजे छापील पुस्तकाला ही भीती लागू नाही. फळ्यावर संदर्भग्रंथांची नावं लिहिणारे सर मी पाहिले आहेत. पुस्तकाचं नाव घेतल्यानं मान वाढतो आणि साइटचं नाव घेतल्यानं कमी होतो, असं काहीतरी मनात बसलं आहे. दोन्ही लिहिणारी माणसं बहुतेक वेळा एकाच प्रकारची असतात, कुठल्यातरी विद्यापीठातली प्राध्यापकच.

दुसरी गोष्ट हिशेबाची, आणि ही मला जास्त महत्त्वाची वाटते. यूजीसीच्या २०१८ च्या विनियमांतला, प्राध्यापकांच्या निवड-बढतीत धरला जाणारा गुणांचा तक्ता काढून बघा. चार श्रेयांकांचा (क्रेडिटचा) संपूर्ण ऑनलाइन अभ्यासक्रम तयार केला तर २० गुण. ई-मजकुराचं एक मॉड्यूल केलं तर ५. नवीन बनवणाऱ्याची दखल आहे, ते ठीकच. पण दुसऱ्यानं बनवलेलं पारखून घेतलं, त्यातलं आपल्या पोरांना झेपेल तेवढं निवडलं, मराठीत समजावलं, अभ्यासक्रमाच्या कुठल्या घटकाला कुठला भाग लागतो ते लावून दिलं, तर त्या कामाला त्या तक्त्यात वेगळी ओळ नाही. मग माणूस काय करणार? स्वतःचं बनवणार. २०२० च्या मार्चनंतर कॉलेजं बंद झाली तेव्हा आमच्या भागात घरोघरी यूट्यूब चॅनेल निघाले. एकाच घटकावर कोल्हापूर, सांगली, सातारा या तीनही जिल्ह्यांतल्या प्राध्यापकांनी आपापलं रेकॉर्डिंग केलं. मागं मिक्सर चालू आहे, आवाज फुटतो आहे, फळ्यावरचं दिसत नाही, तरी केलं. कष्ट खरे होते, ते मी कमी लेखत नाही. पण वर्ग पुन्हा भरायला लागल्यावर ते चॅनेल थांबले, आणि त्याच घटकावरचं कितीतरी चांगलं व्याख्यान जे आधीपासून उपलब्ध होतं ते पोरांना दाखवायचं राहूनच गेलं.

नॅकच्या वेळी, म्हणजे कॉलेजचं मूल्यांकन करणारी समिती यायची असते तेव्हा, आणखी एक प्रकार होतो. अध्यापनात आयसीटी (संगणक, इंटरनेट वगैरे) साधनं वापरता का, असा मुद्दा तिथं असतो. त्यासाठी प्रत्येक विभाग लिंकची यादी तयार करतो. चांगली यादी असते, मी बघितलेली आहे. ती कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाच्या (आयक्यूएसीच्या) फायलीत जाते, समिती येते, समिती जाते. ज्या पोरांसाठी ती करायला हवी होती त्यांच्यापर्यंत ती पोचत नाही, कारण तशी कुणी अपेक्षाच ठेवलेली नसते.

तिसरी गोष्ट सीएचबीवाल्यांची. तासिका तत्त्वावरचे हे प्राध्यापक सकाळी एका कॉलेजात, दुपारी दुसऱ्या. पैसे तासाचे मिळतात, तयारीचे मिळत नाहीत. त्यात नव्या शैक्षणिक धोरणाचा अभ्यासक्रम आला. ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे पेपर, भारतीय ज्ञान प्रणाली असे विषय आले, ज्यांना अजून धड पाठ्यपुस्तक नाही. ते बहुतेक वेळा सर्वांत नव्या माणसाच्या गळ्यात पडतात. ऑनलाइन साहित्याचा सर्वांत जास्त उपयोग हेच लोक करतात, आणि सर्वांत जास्त लपवतातही हेच. विभागप्रमुखांना कळलं तर 'यांची तयारी नसते' असा शिक्का बसेल आणि पुढच्या वर्षी बोलावणं येणार नाही, ही धास्ती. कॉलेजच्या एन-लिस्ट यादीतही त्यांची नावं घालायची राहून जातात. माझ्या ग्रंथालयापुरतं मी ते होऊ देत नाही. कायम असो, सीएचबी असो, शिकवतो तो प्राध्यापक.

आता दुसऱ्या पत्रातल्या प्राध्यापकांच्या शंकेकडे येते. त्यांची शंका रास्त आहे. यूट्यूबवर परीक्षेच्या आदल्या रात्रीसाठी केलेले, चुकांनी भरलेले व्हिडिओ ढिगानं आहेत. रसायनशास्त्राचे आमचे सर म्हणतात, व्हर्च्युअल लॅबमध्ये पडद्यावर अनुमापन करून बघायला हरकत नाही, पण द्रव थेंबथेंब सोडणाऱ्या ब्युरेटचा नळ किती फिरवायचा हे बोटालाच कळावं लागतं. त्यांचं बरोबर आहे. शेवटच्या गावात रेंज नसते, घरात एकच मोबाइल असतो आणि तो वडिलांबरोबर शेतात गेलेला असतो, हेही खरं. पण यातल्या प्रत्येक अडचणीवर उपाय प्राध्यापकच करू शकतो. चांगलं कुठलं, वाईट कुठलं हे त्यालाच ओळखता येतं. पन्नास मिनिटांच्या व्याख्यानातली आपल्या घटकाला लागणारी बारा मिनिटं कुठली, हे तोच सांगू शकतो. तो गप्प राहिला की पोरं स्वतः शोधतात, आणि शोधल्यावर पहिल्यांदा हाती लागतो तो परीक्षेच्या आदल्या रात्रीचा व्हिडिओ.

हे सगळं उघडपणे केलं तर काय होतं, ते आमच्याच कॉलेजात बघायला मिळालं. त्याबद्दल सविस्तर लिहिते, कारण हे पत्र लिहिण्याचं खरं कारण तेच आहे.

आमच्या अर्थशास्त्राच्या मॅडमनी द्वितीय वर्षाच्या पैसा आणि बँकिंगच्या पेपरसाठी माझ्याबरोबर बसून एक यादी केली. एका पानाची. डावीकडे अभ्यासक्रमातला घटक, उजवीकडे त्याला काय वाचायचं, काय बघायचं, कितव्या पानापासून कितव्या पानापर्यंत, कितव्या मिनिटापासून. प्रत्येक नोंदीखाली लिहिणाऱ्याचं किंवा संस्थेचं नाव. आणि मॅडमचा स्वतःचा एकेका ओळीचा शेरा: 'हे आधी वाचा', 'यातली आकृती बघा, गणित सोडा', 'इंग्रजी अवघड आहे, मी वर्गात सांगेन'. या शेऱ्यांवर त्यांनी जास्त वेळ घालवला. एका ओळीसाठी पूर्ण प्रकरण वाचावं लागतं, तेव्हा कुठं 'हे सोडा' असं म्हणता येतं. पानाच्या कोपऱ्यात क्यूआर कोड टाकला, एक प्रत वर्गात, एक वाचनकक्षाच्या दारावर लावली. ज्यांच्याकडे डेटा नाही त्यांना पीडीएफ ग्रंथालयाच्या वायफायवरून मोबाइलवर उतरवून घेता येतील अशी सोय केली.

पतनिर्मितीचा घटक होता. बँक ठेवीतून कर्ज देते, त्या कर्जाची पुन्हा ठेव होते, असं करत मूळ रकमेच्या अनेक पट पैसा कसा तयार होतो, ते. आजवर पोरं हे पाठ करायची. हजार रुपयांची ठेव, दहा टक्के राखीव, म्हणून दहा हजार. गाईडातही तेच, झेरॉक्सच्या नोट्समध्येही तेच. मॅडमनी इग्नूचा हिंदीतला घटक वाचायला दिला आणि सोबत रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळाचा पत्ता. सांगितलं, आज खरं रोख राखीव प्रमाण, म्हणजे ठेवीतला जो हिस्सा बँकेला रिझर्व्ह बँकेकडे ठेवावा लागतो तो, किती आहे ते स्वतः शोधून या. पोरं शोधून आली. मे २०२२ मध्ये ते साडेचार टक्के झालं होतं, डिसेंबर २०२४ मध्ये चार टक्क्यांवर आणलं आणि २०२५ मध्ये टप्प्याटप्प्यानं तीन टक्के केलं. नोट्समधले दहा टक्के फक्त उदाहरणापुरते आहेत, खरा आकडा कुणीतरी बैठकीत बसून ठरवतं आणि तो बदलतो, हे बऱ्याच जणांना तेव्हा पहिल्यांदा कळलं.

आणि मग एका मुलानं विचारलं, "मॅडम, तीन टक्के म्हणजे हजाराचे तेहेतीस हजार होणार. मग आमच्या सोसायटीत कर्जाला पैसे नाहीत असं का सांगतात?"

हा प्रश्न कुठल्याच पीडीएफमध्ये नव्हता. त्याचं उत्तरही नव्हतं. ते मॅडमनी दिलं. तेहेतीस हजार ही कागदावरची कमाल मर्यादा. बँकेला रोख राखीवाशिवाय सरकारी रोख्यांत वगैरे गुंतवणूक ठेवावी लागते, लोक थोडा पैसा घरातच ठेवतात, आणि मुळात कर्ज घेणारा आणि ते फेडू शकणारा माणूस समोर असावा लागतो. मग गावातली विकास सोसायटी आणि व्यापारी बँक यांत फरक काय, जिल्हा बँकेकडून सोसायटीला पैसा कसा येतो, यावर तो तास गेला आणि पुढचाही. मी दारात उभी राहून थोडा वेळ ऐकला. वर्गात माणूस लागतो असं दुसऱ्या पत्रातले प्राध्यापक म्हणतात ना, तो याच्यासाठी लागतो. मजकूर पोरं घरून वाचून आली होती म्हणून मॅडमना हे बोलायला वेळ मिळाला. एरवी तो तास डिक्टेशनमध्ये संपला असता.

'मॅडमना काही येत नाही, नेटवरचं देतात' असं एकही पोरगं म्हणालं नाही. उलट त्या यादीवरचे शेरे वाचून, मॅडमनी हे सगळं वाचलंय, असं ती आपसांत बोलत होती.

न सांगण्याचा आणखी एक तोटा आहे, तो विद्यार्थ्यांपेक्षाही प्राध्यापकांचा स्वतःचा आहे. आमची बी.ए.ची पोरं मराठी माध्यमाची, आणि चांगलं साहित्य बहुतेक इंग्रजीत. तेव्हा प्रत्येक प्राध्यापक घरी बसून भाषांतर करतो. चांगलं करतो. पण आपण मूळ कुठून घेतलं हेच सांगायचं नाही म्हटल्यावर ते भाषांतर दुसऱ्याला दाखवता येत नाही. शिवाजी विद्यापीठाखाली कोल्हापूर, सांगली, सातारा असे तीन जिल्हे आहेत, अभ्यासक्रम एकच आहे. म्हणजे तोच घटक जतला एक जण, कराडला दुसरा, गडहिंग्लजला तिसरा मराठीत आणतो आहे, दरवर्षी, एकट्यानं, आणि एकमेकांना पत्ता नाही. यापेक्षा श्रमाची नासाडी कुठली असेल?

खरं तर मुक्त साहित्याची सगळी कल्पनाच नाव सांगण्यावर उभी आहे. अमेरिकेतल्या एमआयटीनं २००१ मध्ये आपले अभ्यासक्रम सगळ्यांना खुले करायचं जाहीर केलं, २००२ मध्ये युनेस्कोच्या बैठकीत मुक्त शैक्षणिक साहित्याची संकल्पना पुढं आली, त्याच वर्षी क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने आले. असा परवाना असलेलं साहित्य घ्या, वाटा, परवान्यात मुभा असेल तर भाषांतर करा, बदल करा. पण मूळ कुणाचं ते सांगा. पैसे मागत नाहीत, फक्त नाव मागतात. आमचे प्राध्यापक 'कॉपीराइटचं लफडं नको' म्हणून पहिलं पान काढून टाकतात, आणि परवान्यानं जे एकच मागितलं असतं तेच नेमकं त्या पानाबरोबर जातं.

नाव सांगितल्यानं कुणी लहान होत नाही, याचं उदाहरण बघायला लांब जायला नको. आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात वाईला मराठी विश्वकोशाचं काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी उभं केलं. आज तो इंटरनेटवर कुणालाही फुकट वाचता येतो. त्यातल्या नोंदीखाली लिहिणाऱ्याचं नाव असतं, संदर्भ असतात, आणि संकेतस्थळावरच्या नव्या नोंदींखाली समीक्षकाचंही नाव असतं. त्या समीक्षकानं नोंद लिहिलेली नाही, फक्त तपासली आहे, तरी त्याचं नाव आहे. मुंबईच्या आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल'मध्ये संगणकाचे छोटे छोटे पाठ मराठीतूनही आहेत, आणि पाठ संपताना भाषांतर कुणी केलं, आवाज कुणाचा, ते सांगितलं जातं. भाषांतर करणाराही तिथं मानानं उभा असतो. आमच्या कॉलेजातला भाषांतर करणारा तेवढा चोरासारखा का वागतो?

म्हणून माझी मागणी अगदी साधी आहे. विद्यापीठाच्या अभ्यास मंडळांनी अभ्यासक्रम तयार करताना शेवटी जी संदर्भग्रंथांची यादी देतात, तिच्याखाली प्रत्येक घटकासाठी दोन-तीन ऑनलाइन साधनंही द्यावीत, नाव-पत्त्यासह. अभ्यासक्रमातच छापलेलं असलं की ते वापरण्यात कमीपणा राहत नाही. आपल्याकडे आसपासच्या कॉलेजांनी गट करून एकत्र कार्यक्रम घ्यायची लीड कॉलेज योजना आहेच. तिच्या एखाद्या कार्यशाळेत पाहुण्यांचं भाषण न ठेवता त्या विषयाचे प्राध्यापक आणि ग्रंथपाल यांना दिवसभर एकत्र बसवावं आणि संध्याकाळी उठताना एका पेपरची यादी तयार असावी. सीएचबीवाल्यांना त्या दिवसाचं मानधन द्यावं. आणि प्राचार्यांनी वर्षअखेरीच्या मूल्यमापनात 'काय नवीन बनवलं' याच्या जोडीला 'दुसऱ्याचं काय निवडलं, कसं वापरलं, पोरांपर्यंत कसं पोचवलं' हेही विचारावं. यूजीसीचा तक्ता बदलायला वेळ लागेल, प्राचार्यांच्या फॉर्ममध्ये एक रकाना वाढवायला लागत नाही.

पालकांनाही एक विनंती आहे. मुलगा म्हणाला, 'सरांनी आज व्हिडिओ दाखवला', तर लगेच 'म्हणजे शिकवलं नाही' असं म्हणू नका. कुठला दाखवला, त्यावर काय बोलले, ते विचारा. अशा घरगुती शेऱ्यांनीही प्राध्यापक बिचकतात. गावात हिंडताना ते त्यांच्या कानावर येतंच.

अर्थशास्त्राच्या मॅडमची यादी त्यांच्या परवानगीनं आणि त्यांच्या नावासह मी आमच्या लीड कॉलेजच्या गटातल्या ग्रंथपालांना पाठवली आहे. ज्या प्राध्यापकांना हवी असेल त्यांनी आपल्या ग्रंथपालांकडे मागावी, हवे ते बदल करावेत, चूक दिसली तर कळवावी. इतिहास आणि भूगोलाच्या याद्यांचं काम चालू आहे. ज्या सरांनी पहिलं पान काढून टाकायला सांगितलं होतं त्यांनाही मी विचारलं आहे. त्यांच्याकडे अनेक वर्षांची मराठी भाषांतरं वहीत आहेत, ती टाइप करून घ्यायला ते तयार झाले आहेत. मूळ लेखकांची नावं आम्ही दोघं मिळून शोधतो आहोत. रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्राच्या पहिल्या वर्षासाठी मराठीत कुणी काही करून ठेवलं असेल, तर सांगली-साताऱ्यातल्या अशा प्राध्यापकांनी ते आपल्या ग्रंथालयात आणून द्यावं. बारावीपर्यंत मराठीतून शिकून बी.एस्सी.ला आलेली पोरं त्याच विषयांसाठी माझ्याकडे रोज मागणी करतात आणि द्यायला माझ्याकडे फार थोडं आहे.

आपली विश्वासू,
एक ग्रंथपाल,
जि. सांगली
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)